टायरमधली हवा आणि एक पशुवैद्य : जॉन बॉइड डनलॉप



थोरांची चरित्रे देण्याचा आपल्या वार्तापत्राचा परिपाठ आम्ही याही अंकात पाळत आहोत. या वेळचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे, पण ते एका माणसाचे नाव होते याची कल्पना फार थोड्यांना असेल. ते नाव म्हणजे डनलॉप. कुणाला ते टायरवर वाचलेले आठवेल, कुणाला गादीवर. ज्यांचे हे नाव, ते जॉन बॉइड डनलॉप व्यवसायाने गुराढोरांचे डॉक्टर होते. आपल्या मुलाला खडबडीत रस्त्यावर तीनचाकी चालवताना हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी चाकात हवा भरली. आज जगातल्या बहुतेक गाड्या त्याच हवेवर चालतात.

हेच चरित्र निवडण्याचे कारणही सांगतो. डोकमर्डीत सकाळी शाळा भरण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले की एका मोटारसायकलवर वडील आणि दोन मुले, रिक्षात दाटीवाटीने बसलेली बालके, व्हॅनच्या खिडकीतून डोकावणारी दप्तरे असे दृश्य दिसते. शेजारून सिल्वासाच्या कारखान्यांचे अवजड ट्रक वापीच्या आणि नरोलीच्या दिशेने धावत असतात. जून उजाडला की पाऊस कोसळू लागतो. अशा वेळी आपल्या लेकरांचा भार टायरमधली हवा वाहत असते, आणि त्या हवेकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. गेल्या पालक सभेच्या दिवशी आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरांवर आम्ही सहज नजर टाकली. काही टायर अगदी गोटा झालेले होते, तर काही हवा कमी असल्यामुळे खाली बसले होते. गाड्या मात्र स्वच्छ पुसलेल्या होत्या! तेव्हाच ठरवले की या वेळी डनलॉप यांची गोष्ट सांगायची.

बालपण आणि शिक्षण

जॉन डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दिवस भरण्याच्या आधीच जन्मले असे त्यांना लहानपणी सांगण्यात आले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि ते जन्मभर स्वतःला जपून राहिले. प्रत्यक्षात त्यांना ८१ वर्षांचे आयुष्य लाभले, आणि शेवटच्या आजारापर्यंत मोठे दुखणे असे त्यांना झालेच नाही.

शेतावर वाढल्यामुळे जनावरांची त्यांना ओढ होती. एडिंबरो येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी पशुवैद्य झाले. सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. तेथे आधी डाउनपॅट्रिक या गावी आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली. १८८५ च्या सुमारास त्यांचा बेलफास्टचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक मानला जात असे.

म्हणजे पहा, वयाच्या ४७ व्या वर्षापर्यंत या गृहस्थांचा चाकांशी संबंध होता तो एवढाच, की घोड्याच्या गाडीतून ते आजारी जनावरे पाहायला जात. रस्ते दगडी फरसबंदीचे होते. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव असे, सायकलींना फार तर भरीव रबराची पट्टी. दिवसभर अशा गाडीत बसून हाडे खिळखिळी होणे म्हणजे काय, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

जॉनीची तीनचाकी

त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. बेलफास्टच्या दगडी रस्त्यावर ती चालवताना त्याला फार हादरे बसत आणि वेगही घेता येत नसे. मुलाने वडिलांकडे तक्रार केली, आणि वडिलांनी ती मनावर घेतली.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी घरच्या अंगणात प्रयोग केला. सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी तबकडी घेतली. रबराच्या पातळ पत्र्याची नळी तयार करून तिच्यात फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. ती नळी तबकडीच्या कडेवर बसवून वरून लिननचे कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेले कापड. बेलफास्ट हे त्या काळी या कापडाचे मोठे केंद्र होते. मग त्यांनी तीनचाकीचे जुने चाक आणि हे नवे चाक अंगणात एकेक करून सारख्याच जोराने ढकलले. जुने चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला धडकले आणि उलट परतले.

या साध्या प्रयोगातून त्यांना दोन गोष्टी कळल्या. हवेचे चाक हादरा कमी करते, हे तर त्यांना अपेक्षितच होते. पण ते कमी जोरात जास्त दूर जाते, ही गोष्ट त्याहून मोलाची होती. कठीण चाक दगडावर आदळले की सबंध गाडी वर उचलली जाते आणि पुढे जाण्याची शक्ती उसळण्यात वाया जाते. हवेचे चाक तो दगड जणू पोटात घेते आणि गाडी सरळ पुढे जाते. पुढील वर्षाच्या आरंभी जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या चाकांना असे टायर बसवले गेले. डनलॉप यांनी सायकलीसाठी तयार केलेला पहिल्या काळातील टायर एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

या प्रयोगातले कापड विसरू नका, मुलांनो. नुसत्या रबराची नळी हवेने फुग्यासारखी फुगून फुटली असती. तिला आकारात धरून ठेवले ते कापडाने. आजच्या टायरातही रबराच्या आत नायलॉन, पॉलिएस्टर किंवा रेयॉनच्या मजबूत दोऱ्यांचे थर आणि पोलादी तारांचे पट्टे असतात. आपल्या सिल्वासा परिसरात पॉलिएस्टर धाग्याचे कितीतरी कारखाने आहेत आणि आपल्यापैकी अनेकांचे पालक तेथे काम करतात. कपड्याचा धागा वेगळा आणि टायरचा दोरा वेगळा, हे खरे. पण बारीक तंतू एकत्र आले की केवढा ताण सोसतात, हे त्या पालकांना निराळे सांगायला नको.

शर्यतीचा दिवस

डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले. बेलफास्टमधील एडलिन या सायकल तयार करणाऱ्या पेढीने त्यांच्या टायरच्या सायकली बनवण्यास सुरुवात केली. लोक मात्र हसत. फुगलेल्या जाड टायरची ती सायकल त्यांना ओबडधोबड वाटे.

१८ मे १८८९ या दिवशी हे हसू थांबले. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला. तो त्या काळचा काही अजिंक्य स्पर्धक नव्हता. तरीही त्याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. पाठोपाठ इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही त्याने बाजी मारली. बेलफास्टच्या शर्यतीत मागे पडलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे पुत्र होते. हरल्याचा राग न धरता द्यू क्रो यांनी या नव्या टायरची चौकशी केली आणि त्याच वर्षी डनलॉप यांना बरोबर घेऊन डब्लिन येथे कंपनी काढली. हरल्यानंतर समोरच्याचे यश नीट पाहणे हाही एक गुण आहे, हे आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आधीच कुणीतरी केले होते

आणि मग मोठा धक्का बसला. १८९० मध्ये डनलॉप यांना कळवण्यात आले की त्यांचे पेटंट ग्राह्य नाही. हवेच्या टायरचे पेटंट दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतले होते. त्यांचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. पेटंट घेतले तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. चामड्याच्या आवरणात हवा भरलेली रबरी नळी बसवून त्यांनी लंडनच्या बागेत घोडागाडी चालवूनही दाखवली होती. परंतु तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या, आणि पातळ रबर महाग होते. गरजच नसल्यामुळे शोध विसरला गेला. १८७३ मध्ये थॉमसन वारले. चौदा वर्षांनी डनलॉप यांनी तीच वाट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. थॉमसन यांच्या कामाची त्यांना माहिती नव्हती.

त्याही मागे जायचे तर अमेरिकेचे चार्ल्स गुडइयर यांचे स्मरण करावे लागेल. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. १८३९ मध्ये गुडइयर यांना असे आढळले की रबरात गंधक मिसळून तापवले तर ते दोन्ही ऋतूंत टिकते. या शोधाशिवाय टायर होणेच शक्य नव्हते. पण गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी नंतर दुसऱ्यांनी काढली. तिच्याशी त्यांचा किंवा त्यांच्या घराण्याचा संबंध नव्हता.

पेटंट गेल्यावर डनलॉप यांची कंपनी बुडायची, पण टिकली. कारण पहिल्या टायरात मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवून टाकलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायला काही तास लागत. १८९० च्या सुमारास वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी, टायर रिमवरून काढता-घालता येईल अशी सोय शोधली. कंपनीने त्यांचे हक्क मिळवले. फ्रान्समध्ये मिशलिन बंधूंनीही १८९१ मध्ये काढता येणारा टायर आणला आणि १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत या शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार धावली. वाटेत पुष्कळ पंक्चर झाली, पण मोटारीच्या टायरचे युग तेव्हा सुरू झाले. एका माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूत असे अनेकांचे हात असतात.

रबराच्या या मागणीची काळी बाजूही मुलांना माहीत असावी. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील आफ्रिकेच्या काँगो प्रदेशात जंगली रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर अनन्वित अत्याचार झाले आणि असंख्य माणसे मेली. १९०८ मध्ये त्या राजाकडून तो प्रदेश काढून घेण्यात आला. बेलफास्टच्या अंगणातल्या त्या वडिलांच्या मनात यातले काहीही नव्हते. परंतु एखादी वस्तू कोठून आणि कोणाच्या श्रमातून येते, हे विचारण्याची सवय चांगली.

नाव उरले, कंपनी गेली

डनलॉप स्वभावाने व्यापारी नव्हते. सहकाऱ्यांशी त्यांचे फारसे जुळले नाही आणि काही वर्षांतच ते कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या प्रचंड रकमेतून मूळ संशोधकाच्या वाट्याला फार काही आले नाही. पुढे त्यांनी डब्लिन येथे कापडाच्या व्यवसायात भाग घेतला. कंपनीच्या जाहिरातींत मात्र त्यांचे नाव आणि दाढीवाला चेहरा झळकत राहिला. उंच टोपी आणि हातात काठी अशा नटव्या रूपात आपल्याला रंगवलेले पाहून ते दुखावले आणि अखेरच्या वर्षांत त्यासाठी कोर्टातही गेले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मागे कन्येने प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडमधील एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवरही त्यांचे चित्र आले.

डनलॉप यांनी रागाने काम सोडून दिले, असे कुठे दिसत नाही. पैसा दुसऱ्याने मिळवला, पहिलेपणाचा मान थॉमसनकडे गेला. पण जॉनीची तीनचाकी विनाहादरा धावली, ती त्यांच्यामुळेच.

आपल्या मुलखात

हवेच्या टायरची सायकल लवकरच आपल्याकडेही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू बेळगावला सायकलींचे दुकान चालवत होते. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना चालवायला शिकवणे असा त्यांचा उद्योग होता. तेथूनच पुढे नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भारतातील पहिला टायर कारखाना डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे काढला. तो आता बंद पडला आहे. पण नाशिक आणि गोव्यातील उसगाव अशा आपल्या ओळखीच्या ठिकाणी इतर कंपन्यांचे टायर कारखाने आहेत.

आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातून आलेल्या आपल्या पालकांनी ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या नक्की पाहिल्या असतील. लोखंडी धावेची गाडी शेतातल्या मऊ वाटेत रुतते आणि बैलांच्या खांद्यावर झटके बसतात. रबरी टायरची गाडी तोच भार बऱ्याच कमी ओढीने नेते. मात्र ओढ कमी झाली म्हणून भार दुप्पट लादला तर बैलाचे कष्ट तेवढेच राहतात. एका पशुवैद्याने शोधलेल्या टायरवर जनावराचे ओझे वाढू नये, ही जबाबदारी गाडीवानाची. आपल्या गाडीत किती माणसे बसवायची, हा प्रश्नही तसाच आहे.

मुलांसाठी एक गणित

मुलांनो, आता वही काढा. एका छोट्या मोटारीचे वजन माणसांसह १००० किलो धरू. चार टायर, म्हणजे प्रत्येकावर २५० किलो. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलो होतो. २५० ला २.२५ ने भागा. उत्तर सुमारे १११ चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे एक टायर रस्त्याला साधारण पोस्टकार्डाएवढ्या जागेतच टेकलेला असतो! अशा चार पोस्टकार्डांवर सबंध गाडी वळते आणि थांबते. (टायरच्या बाजूही थोडा भार घेतात, म्हणून हे उत्तर ढोबळ आहे.)

आता हवा ३२ ऐवजी २४ पौंड करून तेच गणित पुन्हा करा. टेकणारी जागा वाढलेली दिसेल. जागा वाढली म्हणजे पकड वाढली असे कुणाला वाटेल, पण तसे नसते. हवा कमी झाली की टायरच्या बाजू दर फेऱ्याला जास्त वाकतात आणि त्या वाकण्याने टायर आतून तापतो. मे महिन्याच्या दुपारी, भरलेली गाडी, महामार्गावरचा वेग आणि कमी हवा हे चारही एकत्र आले तर टायर फुटू शकतो. भार हवेनेच उचलायचा असतो. ती कमी पडली की तिचे काम टायरच्या अंगावर येते.

पालकांसाठी

वरील सर्व वाचून झाल्यावर प्रत्येक पालकाने आपल्या गाडीसाठी काय करावे, ते थोडक्यात देत आहोत.

हवा महिन्यातून किमान एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासावी. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, गाडी फार चाललेली नसताना मोजावी. चालून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. किती हवा भरायची, ते मोटारीत चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेले असते. मोटारसायकलीचे आकडे तिच्या पुस्तिकेत मिळतात. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकासाठी बहुधा वेगळा, जास्त आकडा असतो. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वाधिक दाबाचा आकडा रोजच्या वापरासाठी नसतो. वॉल्वचे टोपण हरवले असेल तर लगेच नवे बसवावे. स्टेपनीची हवाही तपासावी. गरज पडेल त्या दिवशी ती रिकामी निघणे हा नेहमीचा अनुभव आहे.

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाहेर फेकले जाते. खाचा झिजल्या की पाण्याचा थर टायरखालीच राहतो, गाडी त्यावर तरंगते आणि ब्रेक किंवा स्टिअरिंग काही काम करत नाही. मोटारीसाठी खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलण्याची वेळ झाली. आपल्याकडचा पाऊस पाहता त्या वेळेची वाट न पाहता, खोली ३ मिलिमीटरच्या आत आली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलणे शहाणपणाचे. गोटा झालेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून विकले जातात, ते स्वस्तातही घेऊ नयेत.

टायरला वयही असते. त्याच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नवा टायर घेताना हे आकडे अवश्य वाचावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि खाचा शिल्लक असल्या तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये. बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली तर वय न पाहता बदलावा. बाजूला झालेले पंक्चर दुरुस्त करून चालत नाही.

नवा टायर गाडीसाठी ठरवलेल्या मापाचाच घ्यावा. त्यावरील भाराचा आणि वेगाचा निर्देशांक ठरवलेल्यापेक्षा कमी नसावा. पुढच्या दोन चाकांना एका जातीचे, मागच्या दोन चाकांना एका जातीचे टायर असावेत. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत. अनेकांना हे उलटे वाटते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला ते हातात जाणवते आणि तो वेग कमी करतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल आणि अलाइनमेंट तपासून घेतल्यास ते सारखे झिजतात.

रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर गाडी सपाट, कडक जागी रहदारीपासून दूर घ्यावी. मुलांना उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे. हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

एक सूचना

आमची मान्यवर विश्वस्तांना विनंती आहे की शाळेच्या कार्यालयात हवा मोजण्याचे एक साधे यंत्र ठेवावे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली आवारातील गाड्यांची हवा मोजून एका वहीत लिहावी, आणि कमी असेल त्या पालकांना चिठ्ठी द्यावी. व्हॅन आणि रिक्षा चालवणाऱ्या काकांनाही यात सामील करून घ्यावे. रोज इतकी मुले त्यांच्या भरवशावर असतात आणि टायरचा खर्च त्यांना जड जातो, याची जाण आपण ठेवली पाहिजे. भाडे ठरवताना घासाघीस करायची आणि टायर मात्र नवे हवेत म्हणायचे, हे बरोबर नाही. वर्षातून एकदा टायरसाठी सर्व पालकांनी थोडा हातभार लावला तर तो कुणालाच भारी होणार नाही.

डनलॉप यांच्या मुलाने तक्रार केली तेव्हा रस्ता तसाच असतो, सवय होईल, असे सांगून वडिलांना मोकळे होता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत, उठून पंप घेऊन अंगणात गेले. आपल्याला काही शोधायचे नाही. शोध लागून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत. आपल्याला फक्त सकाळी दहा मिनिटे लवकर निघून पेट्रोल पंपावर थांबायचे आहे. तिथे हवा बहुधा फुकट मिळते.

सर्वांना पावसाळ्याच्या आणि सुरक्षित प्रवासाच्या शुभेच्छा!

— संपादक मंडळ